आधी सामान, मग बॅग: सायकलवरच्या पहिल्या लांब सफरीची तयारी

पहिल्यांदाच आठवडाभराच्या सायकल सफरीला निघणारे पुष्कळ जण तयारीची सुरुवात बॅगेपासून करतात. दुकानात चाळीस लिटरची पॅनियरची, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांची, जोडी दिसते, आवडते, घेतली जाते. मग घरी ती भरायला घेतली की चाळीस लिटर सामान कुठून ना कुठून निघतंच. माझं नवीन सायकलस्वारांना कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी मार्ग बघा, मग सामान ठरवा, त्याचं वजन आणि आकार मोजा, आणि बॅग सगळ्यात शेवटी घ्या. बॅग मोठी असेल तर हलकं सामान नेणं जवळजवळ अशक्य होतं.

उदाहरणासाठी कोकणचा किनारा घेऊ: मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत. पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, सहा-सात मुक्काम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम. पंढरपूरच्या सायकलवारीसारख्या सफरीत बहुधा सामानाचा टेम्पो सोबत असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. इथे सगळं तुमच्याच सायकलवर आहे.

१. मार्ग काय देतो, काय मागतो

नकाशावर सागरी रस्ता किनाऱ्याला चिकटून जाताना दिसतो, म्हणून सपाट वाटतो. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा पट्टा खरोखरच समुद्राला लागून आणि सोपा आहे, पण असे पट्टे थोडे. बाकी ठिकाणी रस्ता खाडीच्या काठावरून जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, वर थोडा पळतो आणि पुढच्या खाडीत पुन्हा उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा, घाटासारखा लांब नाही, पण तीव्र. आणि दिवसातून असे तीन-चार तरी येतात.

वजनाचा हिशेब या चढांवरच लागतो. समजा तुमचं वजन ६८ किलो आणि सायकलचं १२. सामान ४ किलो असेल तर एकूण ८४ किलो वर चढवायचे आहेत. सामान १२ किलो असेल तर ९२. म्हणजे प्रत्येक चढावर साडेनऊ टक्के जास्त काम. तेवढाच जोर लावला तर दहा मिनिटांचा चढ जवळपास अकरा मिनिटांचा होतो. एका चढाला हे काहीच वाटत नाही. पाचव्या दिवशी, दुपारी एकच्या उन्हात, आरे-वारेच्या चढावर मात्र ते गुडघ्यांना नेमकं कळतं. सपाटीवर वजनाचा त्रास कमी आणि वाऱ्याचा जास्त असतो. तिथे दोन्ही बाजूंना फुगलेल्या मोठ्या बॅगा वारा अडवतात आणि समोरून वारा असला की वेग खातात.

आता मार्ग काय देतो ते बघा. गावोगावी घरगुती खाणावळी आणि न्याहारी-निवासाची सोय आहे, दर काही किलोमीटरवर दुकान किंवा चहाची टपरी आहे, आणि हिवाळ्यातही किनाऱ्यावर रात्री कडाक्याची थंडी पडत नाही. म्हणजे तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, भांडी या चारही वस्तू यादीतून गेल्या. वजनातली सगळ्यात मोठी कपात इथेच होते, तीही एक रुपया खर्च न करता. मनाली–लेहसारख्या रस्त्यावर हे चालणार नाही. तिथे गरम कपडे आणि मुक्कामाचं सामान लागतंच, त्यामुळे तिथली बॅगही वेगळी.

२. सामान जमिनीवर मांडा आणि काट्यावर घाला

अंदाज करू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वस्तू एकेक करून त्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. कोकणासाठी माझी यादी साधारण अशी असते (अंगावर घातलेला जोड आणि पाणी सोडून):

- सायकलिंगचा दुसरा जोड: ४०० ग्रॅम
- संध्याकाळचा टीशर्ट आणि पातळ हाफ पँट: ४०० ग्रॅम
- आतले कपडे, मोजे: १५० ग्रॅम
- पंचा: १२० ग्रॅम
- रबरी चप्पल: २२० ग्रॅम
- विंडचीटर: १५० ग्रॅम
- पातळ चादर: २५० ग्रॅम
- दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल, ब्रेक शू, सायकलच्या साखळीचा जोड-दुवा: ९०० ग्रॅम
- पॉवर बँक, चार्जर, केबल: ३५० ग्रॅम
- दात घासण्या-आंघोळीचं सामान, सनस्क्रीन: २५० ग्रॅम
- औषधं: १५० ग्रॅम
- पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप: ४०० ग्रॅम
- कागदपत्रं, पैसे: १०० ग्रॅम
- लाडू, चिक्की: ३०० ग्रॅम

बेरीज ४ किलो १४० ग्रॅम. महागडी, खास हलकी म्हणून विकली जाणारी एकही वस्तू यात नाही.

पंच्याबद्दल थोडं आवर्जून. टर्किश टॉवेल जाड असतो, जागा खातो आणि कोकणच्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. सकाळी तो ओला आणि जड होऊन बॅगेत जातो. पातळ सुती पंचा दोरीवर टाकला की सकाळपर्यंत बहुधा वाळतो, उन्हात मानेवर ओला करून घेता येतो आणि बॅगेत दोन वस्तूंच्या मधे आवाज होऊ नये म्हणून कोंबताही येतो. बाकी कपड्यांच्या बाबतीत मात्र सुती टाळा. जाड सुती टीशर्ट आणि जीन्स तर नकोच. सायकलिंगचा जोड मुक्कामाला पोहोचल्याबरोबर धुवायचा, पंच्यात गुंडाळून घट्ट पिळायचा आणि वाऱ्यावर टाकायचा. हे रोज केलं तर दोन जोड सात दिवसांना पुरतात, आणि तिसऱ्या जोडाची भीतीही जाते.

पाळीसाठी लागणारं सामान, रोजची औषधं आणि चष्मा या वस्तूंमध्ये वजन वाचवायला जाऊ नका. पुरेसं घ्या. एखादं विशिष्ट औषध लहान गावात मिळेलच असं नाही.

पाणी यादीत नाही, पण ते सायकलवर असतं आणि एका लिटरचं वजन बरोबर एक किलो असतं. या रस्त्यावर फ्रेमवरच्या दोन बाटल्या, मिळून दीड लिटर, बहुतेक वेळा पुरतात. लांब सड्यावर चढण्याआधी त्या भरून घ्या. चार-पाच लिटर पाणी वाहून नेण्याची इथे गरज नाही.

३. जागा मोजायला बादली

वजन कळलं, आता आकार. यासाठी घरातली आंघोळीची बादली घ्या; ती बहुधा पंधरा ते वीस लिटरची असते आणि आकडा अनेकदा तळाशी कोरलेला असतो. यादीतलं सगळं सामान, कपडे गुंडाळून, त्या बादलीत भरा. वरच्या यादीतलं सामान पंधरा लिटरच्या बादलीत मावतं. त्यात चार-पाच लिटर मोकळी जागा धरा, कारण वाटेत कोकमाची बाटली किंवा काजूची पुडी घेतली जाणार आहे. म्हणजे तुमची गरज वीस लिटरच्या आसपास. चाळीस लिटरची जोडी घेण्याचं कारणच उरत नाही.

४. तुमची सायकल काय उचलू शकते

बॅग बघायला जाण्यापूर्वी सायकलभोवती एक फेरी मारा. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखालच्या दोन नळ्यांवर कॅरियर बसवण्यासाठी आटे पाडलेली भोकं आहेत का? हायब्रिड आणि बऱ्याच साध्या एमटीबी (डोंगराळ वाटांसाठीच्या) सायकलींना ती असतात, शर्यतीच्या रोडबाइकना बहुधा नसतात. भोकं असतील तर प्रश्न अर्धा सुटला. नसतील तर सीटपोस्टला आवळून बसणारे कॅरियर मिळतात, पण त्यांची क्षमता साधारण नऊ-दहा किलोच असते, धक्क्यांनी ते बाजूला फिरतात आणि कार्बनच्या सीटपोस्टवर तर ते लावूच नयेत.

दुसरी मोजणी सीट आणि मागच्या टायरमधल्या अंतराची. सीटखाली लांबट बॅग लावायचा विचार असेल तर सीटखालच्या सळ्यांपासून टायरच्या माथ्यापर्यंत किमान पंधरा ते वीस सेंटिमीटर जागा हवी. उंची कमी असलेल्यांच्या सायकलवर ती बऱ्याचदा नसते. सीट खाली असते, बॅग भरली की लोंबते आणि खड्ड्यात टायरला घासते. घासत घासत बॅगेला भोक पडतं. सव्वापाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या पुष्कळ जणांना या एकाच कारणासाठी कॅरियर बरं पडतं. इंटरनेटवरचे फोटो मात्र बहुतेक उंच माणसांच्या सायकलींचे असतात.

तिसरं, मागचं चाक. जादा वजन बव्हंशी त्याच्यावर येतं. निघण्याच्या आठवडाभर आधी सायकलवाल्याकडे जाऊन चाकाचा आऊट (डगमग) काढून घ्या आणि सैल स्पोक आवळून घ्या. टायर शक्य तर ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद ठेवा.

५. तीन पद्धती, आणि माझं मत

पहिली पद्धत सगळ्यात स्वस्त: ॲल्युमिनियमचं कॅरियर, त्यावर आडवी बांधलेली वीस लिटरची एक ड्राय बॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी. कॅरियर सहाशे-सातशे ग्रॅमचं, पिशवी दोनशे-तीनशे ग्रॅमची. बांधायला बकलचे पट्टे वापरा, किंवा सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब घेऊन तिचे लांब पट्टे कापा. ट्यूबचे पट्टे घट्ट बसतात, घसरत नाहीत आणि फुकट मिळतात. आकड्यांची लवचीक दोरी मात्र नको. धक्क्याने आकडा सुटून स्पोकमध्ये अडकला तर उतारावर चाक जागेवर थांबतं आणि सायकल घसरून सायकलस्वार पडू शकतो. पट्ट्यांची लोंबणारी टोकंही याच कारणासाठी आत खोचा.

दुसरी पद्धत कॅरियर आणि पॅनियरची. जर्मनीच्या ऑर्टलीबची मागच्या चाकाची प्रसिद्ध जोडी चाळीस लिटरची आहे आणि रिकामीच एक किलो ९०० ग्रॅम भरते. कॅरियर धरून अडीच किलो झाले, आणि अजून आत एक मोजाही गेलेला नाही. पण पॅनियरची एक युक्ती नवख्यांना माहीत नसते: पुढच्या चाकासाठी बनवलेली पंचवीस लिटरची लहान जोडी मागच्या कॅरियरवरही लावता येते. ती हलकी असते, वारा कमी अडवते, पेडल मारताना टाच तिला लागत नाही आणि तिच्यात जादा सामान कोंबायला जागा नसते. मुक्कामाला पोहोचलं की पॅनियर हँडल ओढून क्षणात निघते आणि सकाळी तितक्याच सहज बसते. लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर सायकल चढवायची असेल, किंवा जेट्टीवर सायकल उचलून ठेवायची असेल, तर या सोयीचं मोल कळतं.

तिसरी पद्धत बाइकपॅकिंगच्या बॅगांची: सीटखाली आठ ते सोळा लिटरची लांबट बॅग, हँडलबारवर गुंडाळी, फ्रेमच्या त्रिकोणात एक बॅग. कॅरियर लागतच नाही. तिन्ही मिळून रिकाम्या वजनात किलोभराच्या आसपास बसतात. खडबडीत कच्च्या रस्त्यांसाठी ही पद्धत उत्तम, कारण खडखडणारं, तुटणारं काही नसतं, सायकल अरुंद राहते आणि वळणांवर चपळ वाटते. अडचणीही आहेत. सीटखालची बॅग उभं राहून पेडल मारताना डोलते. रोज सकाळी ती नीट आवळून बसवायला वेळ जातो, आणि तळाची वस्तू हवी असेल तर सगळी रिकामी करावी लागते. हँडलबारवरच्या गुंडाळीने ब्रेक आणि गिअरच्या केबल दुमडत नाहीत ना, दिव्याचा उजेड अडत नाही ना, हे बघावं लागतं. वळत्या हँडलच्या रोडबाइकवर दोन्ही हातांच्या मधे जागाच चाळीसएक सेंटिमीटर असते, त्यामुळे तिथे तीन किलोच्या वर काही बांधू नये.

माझं स्पष्ट मत: पहिल्या कोकण सफरीसाठी, सायकलला भोकं असतील तर, कॅरियर आणि वीस लिटरची ड्राय बॅग घ्या. दीड-दोन हजार किलोमीटर त्यावर करा. तोपर्यंत तुम्हाला वस्तू वारंवार काढाव्या लागतात का, कच्चे रस्ते आवडतात का, हे कळेल, आणि मग पॅनियर की बाइकपॅकिंग हे तुम्हीच ठरवाल. रोडबाइकवाल्यांनी सीटखालची बॅग घ्यावी, पण आधी उसनी मागून लावून बघावी. बॅगा वर्षातले बरेच दिवस माळ्यावरच पडून असतात, आणि सायकलच्या ग्रुपमध्ये त्या द्यायला लोक तयार असतात.

पाठीवरच्या सॅकबद्दल एकच वाक्य: नको. पाठ घामाने भिजते, खांदे आणि मान आखडतात, आणि सगळं वजन शेवटी बैठकीवर येतं.

कुठलीही पद्धत घेतली तरी हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे फोन, सुटे पैसे, सनस्क्रीन, चिक्की यांच्यासाठी, समोरच्या आडव्या नळीवर बसणारी एक छोटी बॅग जरूर घ्या. हँडलच्या मागे असल्यामुळे ती चालत्या सायकलवरही दिसते. मात्र उन्हात तिच्यात ठेवलेला फोन खूप तापतो. त्यावरून पंच्याची घडी टाका.

६. पाणी, मीठ आणि वाळू

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड: या मार्गावर खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या असतात. बोटीचा उतार ओला आणि निसरडा असतो, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि किनाऱ्यावर वाळू सगळीकडे जाते. म्हणून हिवाळ्यात पाऊस नसला तरी जलरोधक बॅग उपयोगाची. शिवलेल्या नायलॉनच्या बॅगेवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असलं तरी शिवणीच्या भोकांतून पाणी आत येतं; चिकटवून जोडलेले सांधे असतील तरच ती खरी जलरोधक. तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगेला किमान तीन वळसे बसले पाहिजेत. दोन वळसे बसत असतील तर सामान जास्त झालंय.

आधीपासून घरात असलेली साधी बॅगही चालते. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घाला, कपडे तिच्यात भरा, तोंड पिळून खाली दुमडा. काम झालं.

चेनच्या (झिपच्या) बॅगा या किनाऱ्यावर लवकर बिघडतात. खारं पाणी सुकलं की चेनच्या दातांत मीठ साचतं, त्यात वाळू अडकते आणि चेन अडून बसते. रोज मुक्कामाला गोड्या पाण्याचा एक तांब्या बॅगेच्या चेनवर आणि कॅरियरच्या बोल्टवर ओतला तर हा त्रास टळतो. तसंच पाणी सायकलच्या साखळीवर ओतलंत तर पुसून तेल द्यायला विसरू नका.

७. भरणं आणि बांधणं

जड वस्तू खाली आणि सायकलच्या मध्याच्या जवळ, हलक्या आणि मऊ वस्तू टोकांना. सीटखालच्या बॅगेत हत्यारं आणि ट्यूब सीटपोस्टला टेकून ठेवा, कपडे मागे. उलट केलं तर बॅगेची शेपटी डावी-उजवी हलते आणि चढावर प्रत्येक पेडलला ती तुम्हाला ओढते. दोन पॅनियर असतील तर दोन्ही काट्यावर उचलून बघा, अर्ध्या किलोहून जास्त फरक नको.

पट्टे जिथे फ्रेमला लागतात तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा; धूळ आणि पट्टा मिळून रंग खरवडतात. मागचा दिवा बॅगेआड जाणार नाही याची खात्री करा, तो कॅरियरच्या किंवा बॅगेच्या मागच्या टोकाला लावा. ही गोष्ट फार जण विसरतात, आणि संध्याकाळी अरुंद रस्त्यावर मागून येणाऱ्या ट्रकला तोच दिवा दिसायचा असतो. कॅरियरचे बोल्ट बहुधा पाच मिलिमीटरचे असतात. तसे दोन जास्तीचे बोल्ट औषधांच्या पुडीत टाका आणि रोज सकाळी निघण्यापूर्वी सगळे बोल्ट ॲलन कीने तपासा.

८. निघण्याआधीची चाचणी

पूर्ण भरलेली सायकल घेऊन जवळचा एक चढ करा. पुण्यातल्यांनी बोपदेव घाट, कोल्हापूरकरांनी जोतिबा किंवा पन्हाळा, ठाणेकरांनी येऊर. चढताना उभं राहून पेडल मारा आणि बॅग किती डोलते ते पाहा. उतरताना हलकेच ब्रेक लावत थांबायला किती अंतर लागतं ते लक्षात घ्या. भरलेली सायकल उशिरा थांबते. एखादा खराब रस्ताही मुद्दाम निवडा. घरी आल्यावर काय ढिलं झालं, काय खडखडलं, टाच कुठे लागली, ते लिहून दुरुस्त करा. चाचणी निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका, बदल करायला दोन आठवडे तरी हातात हवेत.

९. परतीचा विचार आत्ताच

गोव्याहून परत येताना सायकल बहुतेक जण थिवी किंवा मडगावहून कोकण रेल्वेच्या गाडीत सामानाच्या डब्यातून आणतात. पार्सल कचेरीत सायकल नोंदवताना तिच्यावरच्या सगळ्या बॅगा, बाटल्या, दिवे आणि पंप काढून घ्या. ते तुमच्याबरोबर डब्यात येणार, म्हणजे चार सुट्या बॅगा दोन हातांत. यासाठी निघतानाच घडी करून मुठीत मावेल अशी एक मोठी कापडी पिशवी सामानात टाका. सगळ्या बॅगा तिच्यात घालून खांद्याला लावता येतात. सायकलवर तुमचं नाव, फोन नंबर आणि उतरायचं स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी पक्का बांधा. गाडी सुटण्याच्या किमान दोन तास आधी स्टेशनवर पोहोचा, कारण नोंदणीला रांग असू शकते आणि सायकल त्याच गाडीत चढली की नाही हे स्वतः डोळ्यांनी बघून मगच आपल्या डब्याकडे जावं.